वर न बघता

बाळू मगदूम जेवायला बसला की आमच्यापैकी कुणीही त्याच्याकडे बघायचं नाही, असा नियम होता. त्यानं पाटावर बसायचं, मी ताट आणून त्याच्यापुढं ठेवायचं, भाकरी वाढायची, पाणी द्यायचं, दोन शब्द बोलायचेसुद्धा. पण नजर चुलीवर, भिंतीवर, माझ्या स्वतःच्या हातावर, कुठंही असली तरी चालेल, त्याच्यावर नको. कारण बाळू मेलेला होता.

नाटकात हो. एरवी बाळू चांगला दणकट गडी. एसटी स्टँडसमोर त्याचं सायकलचं दुकान होतं, आणि तालमीत खरी आमटी-भाकरी मिळते म्हणून तोच प्रवेश दोनदा करायला एका पायावर तयार असायचा. इस्लामपूरला आमचं हौशी नाट्यमंडळ होतं. दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेला एक नाटक बसवायचं, सांगलीच्या केंद्रावर जाऊन करायचं, हरून यायचं आणि पुढं वर्षभर परीक्षकांच्या नावानं बोटं मोडायची, हा आमचा रिवाज. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. पण मंडळात माझ्याहून मोठी बाई टिकायचीच नाही, सासरचे सोडायचे नाहीत. मग कानशिलांना पावडर फासली की मी सगळ्यांची आई. पाच वर्षं मी आईच करत होते.

दिग्दर्शक श्रीनिवास गुळवणी. बँकेत कॅशियर. माणूस हुशार, कष्टाळू, पण एकदा पुण्याला नाट्यशिबिराला जाऊन आला आणि येताना 'अवकाश' हा शब्द घेऊन आला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नाटकात अवकाश असायचा. चहा थंड झाला तरी तो दोन घोटांमधल्या अवकाशाबद्दल बोलेल, असं मी म्हणायचे. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

त्या वर्षीचं नाटक होतं 'वाढलेलं ताट'. लिहिलं होतं वारणाकाठच्या एका खेड्यातल्या ऐतवडे गुरुजींनी. गुरुजी नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले, त्यांचं हे पहिलंच नाटक. गुळवणीच्या एका मित्रानं ते त्याला आणून दिलं. सेन्सॉरच्या मंजुरीची तारीख गाठायची होती म्हणून त्यानं मूळ प्रत वर वर चाळून टायपिस्टकडं दिली, टाइप होताच मुंबईला पाठवली, आणि आमचं वाचन झालं ते मंडळानं टाइप करून शिवून घेतलेल्या प्रतींवरून.

गोष्ट साधी होती. पहिल्या अंकात एक आई दिनूची, आपल्या मुलाची, वाट बघते. दुसऱ्या अंकात रस्त्यावर अपघात होतो, दिनूला चादरीत गुंडाळून घरी आणतात, आणि आई त्याच्या तोंडावरची चादर बाजूला करून बघते. आणि तिसऱ्या अंकात दिनू घरी येतो. हातपाय धुतो, जेवायला बसतो, पोटभर जेवतो, "आई, येतो" म्हणतो आणि निघून जातो. पडदा.

आम्ही म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये तालमी करायचो, तिथंच वाचन झालं. तिसऱ्या अंकातलं आईचं पहिलंच वाक्य होतं, "किती उशीर केलास रे, अन्न निवून गेलं." ते मी वाचलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. गुळवणी पाणी पिऊन आला आणि म्हणाला की हे नाटक मेलेल्या पोराचं नाही, आईचं आहे. पोरगा गेल्यावरही ती त्याला रोज वाढते. तिला माहीत आहे की वर बघितलं तर पाट रिकामा दिसेल. म्हणून ती बघत नाही.

त्या क्षणी मला तो माणूस खरंच मोठा वाटला. अवकाशाबद्दल पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

आता तिसऱ्या अंकात कंसात एक सूचना होती: आई त्याच्याकडे डोळे भरून बघत राहते. गुळवणीनं तिच्यावर काट मारली. लेखक जुन्या वळणाचा आहे, म्हणाला, आपण काय लिहून बसलोय ते लिहिणाऱ्याला कळतंच असं नाही. शेवटी दिनू "येतो" म्हणतो त्यावर आईचं "ये" होतं, तेही त्यानं काढलं. गेलेल्याला कुणी 'ये' म्हणत नाही. दुसऱ्या अंकात शेजारीण म्हणते, "आत्ता दुपारी तर बघितला मी ह्याला, जेवून चालला होता." मी विचारलं, हे कसं काय? तर गुळवणी म्हणाला, आठवणीला काळवेळ नसते. मी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. एखादी गोष्ट पटली की तिच्या आड येणारी प्रत्येक गोष्ट आपण तिच्याच कामाला जुंपतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

महिनाभर तालमी चालल्या आणि ते नाटक आमच्या अंगात भरलं. रोज संध्याकाळी मी बाळूपुढं ताट ठेवायची, आणि माझी मान आपोआप खाली जायची. त्याचा घास चावल्याचा आवाज ऐकू यायचा, भांडं खाली ठेवल्याचा आवाज यायचा, आणि त्याच्याकडे न बघितल्यामुळंच मला वाटू लागायचं की समोर बाळू नाहीच, दुसरंच कुणीतरी आहे. बाळूलाही ते लागलं. चहाच्या गाड्यावर एकदा म्हणाला, "हेमाताई, निदान इथं तरी बघा माझ्याकडं." आम्ही हसलो. पण तो हसला नाही. म्हणाला, पाटावर बसताना रोज वाटतं, इथं आधीच कुणीतरी बसलंय आणि मी त्याच्या मांडीवर बसतोय.

घरी माझा धाकटा भाऊ वसंता जेवायला बसला की मी वाढून झटकन आत निघून जायची. आईच्या ते लक्षात आलं. भांडलीस का त्याच्याशी, म्हणून तिनं विचारलं. काय सांगणार कपाळ?

स्पर्धेला आठवडा उरला तेव्हा गुळवणीनं गुरुजींना बोलावणं धाडलं. रविवारी दुपारी ते एसटीनं आले. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, हातात कापडी पिशवी. आमच्यासाठी शेंगा आणल्या होत्या. लाकडी बाकावर ताठ बसून त्यांनी पहिला अंक बघितला आणि खूश झाले, दोनदा तर ओठ हलवून आमच्याबरोबर वाक्यंही म्हणाले. मग आम्ही दुसरा सुरू केला. चादरीतला दिनू आत आणला तेव्हा ते जरा चुळबुळले. त्यांना वाटलं असावं, तालीम आहे, सोयीसाठी मागचं पुढं करताहेत. मग तिसरा सुरू झाला. बाळू आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. मी ताट ठेवलं, खाली बघत भाकरी मोडली.

"थांबा," गुरुजी म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. आवाज चढवला नव्हता. गुळवणीला विचारलं, हा अंक इथं कसा आला? गुळवणीनं मोठ्या आदरानं समजावलं की हाच तर नाटकाचा गाभा आहे. गुरुजी म्हणाले, हा दुसरा अंक आहे. दिनू आधी जेवतो, मग जातो, मग मरतो.

मंजूर होऊन आलेली शिक्क्याची प्रत गुळवणीच्या ट्रंकेत होती, आल्यापासून कुणी उघडली नव्हती. ती काढली. गुरुजींचं खरं होतं. आमच्या टायपिस्टनं तिन्ही अंक सुटे टाइप केले होते, दर अंकाची पानं एकपासून, वर अंकाचा आकडा न घालता, आणि शिवणाऱ्यानं दुसरा न् तिसरा उलटा शिवला होता. महिनाभर आम्ही ज्या नाटकानं झपाटलो होतो ते कुणी लिहिलंच नव्हतं.

कुणीतरी फिसकन हसलं. गुळवणीचे कान लाल झाले. पण बहाद्दर हटला नाही. म्हणाला, गुरुजी, चूक आमची, पण चुकून का होईना यातून जे उभं राहिलंय ते तुम्ही लिहिलंय त्याहून खोल आहे. नाटक एकदा लिहून झालं की ते वाचणाऱ्याचं होतं. खरं सांगते, मला त्याचं पटत होतं. सरळ क्रमानं ते चार नाटकांसारखं एक नाटक होतं. पोरगा जेवला, गेला, मेला, आई रडली. उलट्या क्रमानं ते अंगावर यायचं. मी तसं बोलूनही दाखवलं.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्थ तुम्ही खुशाल लावा. पण पोरगा माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, शरद. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. गुरुजी शाळेत होते. पोलीस आले, माणसं धावली, गुरुजींनीच जाऊन ओळख पटवली. बायकोला बघू दिलं नाही. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"माझ्याजवळ त्याचं एकच उरलंय," ते म्हणाले. "तो उपाशी गेला नाही. दुपारी घरी आला, आईनं समोर बसून वाढलं, डोळे भरून बघितलं, 'ये' म्हणाली, मग गेला. हिनं मला सांगितलं हे. त्यावर मी जगलो. आणि तुम्ही त्याला मेल्यावर जेवायला घालता, आणि आई त्याच्याकडं बघतसुद्धा नाही."

बाळू पाटावरून केव्हाच उठला होता. गुळवणीनं खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, उगाच बराच वेळ पुसला, आणि मग म्हणाला, "उद्यापासून सरळ क्रमानं."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. गुरुजी रोज संध्याकाळच्या एसटीनं यायचे, शेवटच्या एसटीनं परत जायचे. बाकी कशात लक्ष घालायचे नाहीत. शेजारीण चुकली, दारावरची थाप उशिरा पडली, काही नाही. त्यांचं लक्ष फक्त एका ठिकाणी, मी ताट ठेवते तिथं. मी वर बघायची, बाळूकडं बघायची, आणि गुरुजी मान हलवायचे. बाई, हे बघणं झालं नाही, हे नुसतं डोळे उघडे ठेवणं झालं. एकदा तर स्वतः माझ्या जागी बसले. बाळूला म्हणाले, जेव. आणि त्याच्याकडं बघत राहिले. बाळूच्या घशाखाली घास उतरेना. मला ते बघवेना, मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दोष त्यांचा नव्हता, माझ्या मानेचा होता. महिनाभराची सवय. मनात म्हणायची, हेमे, वर बघ, जिवंत आहे तो. आणि वर बघायला गेलं की आतून कुणीतरी म्हणायचं, बघितलंस तर पाट रिकामा असेल. दोन दिवस राहिले तेव्हा कुठं जमलं. गुरुजींनी डोळे मिटून मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

सांगलीत आम्हाला सकाळचा प्रयोग मिळाला. सकाळचा प्रयोग म्हणजे प्रेक्षकांत तीन परीक्षक आणि नटांच्या आया. पण दुसऱ्या रांगेत गुरुजी होते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. इंदूकाकू. किडकिडीत अंग, इरकली लुगडं, डोक्यावर पदर. नाटक लिहिल्यापासून त्यांनी ते वाचलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. गुरुजींनी किती विनवण्या करून त्यांना आणलं होतं ते नंतर कळलं. पडद्याच्या फटीतून मी त्यांना बघितलं. ज्या बाईचं मी सोंग घेतलं होतं ती समोर बसली होती.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात बाळू आला, मी म्हणाले, "किती उशीर केलास रे, अन्न निवून गेलं." तो पाटावर बसला. मी ताट घेऊन आले.

आणि माझी मान खाली गेली.

मी सांगते, त्या वेळी मला सगळं आठवत होतं. गुरुजींचा आठवडा आठवत होता, 'बाई, बघा' हे त्यांचं सांगणं कानात होतं. पण मान वर होईना. मी भाकरी मोडली, आमटी वाढली, पाणी ठेवलं, चुलीपुढं वळले, काटक्या सारल्या. बाळूला कळलं की काहीतरी चुकलंय. तो गडबडला, दोन घास जास्त खाल्ले, माझी वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आई, येतो." मी 'ये' म्हणायचं होतं. शब्द तोंडात होता. तो थांबला, पुन्हा म्हणाला, "येतो." मी चुलीकडं बघत बसले. तो गेला.

विंगेत गुळवणी कपाळाला हात लावून बसला होता. पण थिएटरात चिटपाखरू हलत नव्हतं. मग तिसऱ्या अंकात चादरीतला दिनू आणला. मी चादर बाजूला केली आणि आता मात्र बघितलं. मला तो चेहरा पहिल्यांदा दिसत होता. मी जी रडले ते नाटक नव्हतं. ज्या पोराकडं आपण दुपारी मान वर करून बघितलं नाही तोच हा, एवढंच डोक्यात होतं.

पडदा पडल्यावर मी रंगपटात येऊन स्टुलावर बसले. दार लोटून इंदूकाकू आत आल्या. मी उठले, त्यांच्या पाया पडायला वाकले. म्हटलं, काकू, माफ करा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला परत खाली बसवलं, आणि बाकीच्या पोरी बाहेर जाईपर्यंत थांबल्या.

मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

मला काही समजेना. मी म्हटलं, कुणीच नाही, चुकून झालं.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "असंच झालं होतं."

आणि उभ्या उभ्या, हलक्या आवाजात त्यांनी सांगितलं. शरदनं कॉलेज सोडलं होतं आणि दोन महिने घरी लपवलं होतं. आदल्या दिवशी त्यांना दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी त्याच्याशी अबोला धरला. गुरुजींना अजून सांगायचं होतं. दुपारी तो आला, त्यांनी ताट वाढलं आणि चुलीकडं तोंड करून बसल्या. तो जेवला. दोनदा म्हणाला, "आई, येतो." त्यांनी वर बघितलं नाही, 'ये' म्हटलं नाही.

"मग पोलीस आले. अंगावर सदरा कुठला होता, विचारलं. मला सांगता येईना, पोरी. माझ्या घरातून जेवून गेलेल्या माझ्या पोराच्या अंगावर काय होतं, मला सांगता येईना."

मी त्यांचे हात धरले. थंडगार होते. त्या रडत नव्हत्या, मीच रडत होते.

"यांना कळू देऊ नको," त्या म्हणाल्या. "मी यांना सांगितलं, जेवताना बघितला, भरल्या पोटी 'ये' म्हणून धाडला. त्यावरच यांनी एवढं लिहिलं. आता हे विचारतील तुला, का बघितलं नाही म्हणून. चुकले म्हण. आणि पुढच्या प्रयोगाला बघ हं, यांनी लिहिलंय तसं. यांना तेवढंच आहे."

त्यांनी पदरानं माझ्या तोंडावरची पावडर पुसली आणि बाहेर गेल्या. मी तोंड धुऊन निघाले तेव्हा थिएटरच्या पायरीवर गुरुजी उभे होते. काकू पुढं रिक्षाशी पोचल्या होत्या. आठवडाभर एका नजरेसाठी माझा जीव खाल्लेला हा माणूस आता काय बोलेल, याची मला धास्ती होती. मी आधीच म्हटलं, गुरुजी, मी चुकले.

"तुम्ही आज बघितलं नाही," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"पोलिसांनी हिला सदऱ्याचा रंग विचारला ना, तेव्हा मी शाळेतून धावत येऊन तिच्या मागं दारातच उभा होतो, बाई."

मी वर बघितलं. ते रिक्षाकडं बघत होते.

म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी कशीबशी म्हणाले, मग गुरुजी, तुम्ही तसं का लिहिलंत?

"म्हणून तर लिहिलं," ते म्हणाले. "घरात तिला ते परत करता येत नाही. नाटकात येतं. रोज प्रयोग झाला तर रोज बघेल. तिनं एकदा येऊन ते बघावं, म्हणून मी तुमच्या मागं लागलो होतो. तुमचं ते उलटं नाटक चांगलं होतं, मला कळत होतं. पण त्यातही ती बघत नव्हती." मग म्हणाले, "तिला कळू देऊ नका, मला ठाऊक आहे ते. ती जगायची नाही. पुढच्या प्रयोगाला मात्र बघा. मी तिला परत आणीन."

काकूंनी रिक्षातून हाक मारली, चला की, एसटी चुकेल. ते लगबगीनं गेले. बसताना त्यांनी काकूंचा पदर चाकाकडं लोंबत होता तो उचलून आत घेतला. दोघं शेजारी शेजारी बसून निघून गेले आणि मी पायरीवर दोघांचंही गुपित घेऊन उभी राहिले.

निकाल आठवड्यानं लागला. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात परीक्षकांनी लिहिलं होतं की दुसऱ्या अंकातली आईची अलिप्तता हा दिग्दर्शकानं लेखनाला दिलेला नवा अर्थ आहे. गुळवणीनं ते कात्रण बँकेत काचेखाली लावलं. नाटक मात्र तिसरं आलं, आणि पहिलं येणारं तेवढंच पुढच्या फेरीला जातं. मी सगळ्यांच्या मागं लागले, गुरुजींच्या गावात शाळेच्या पटांगणात एक प्रयोग करू, नेपथ्य नको, काही नको. सगळे हो म्हणाले. मग बाळू दुकान विकून पुण्याला कारखान्यात लागला. गुळवणीची बदली झाली. माझं लग्न ठरलं. हौशी मंडळींचं असंच असतं, सगळे हो म्हणतात. पुढचा प्रयोग झालाच नाही.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. मी मिरजेला सासरी होते, पोस्टकार्ड उशिरा मिळालं, तेरावं झाल्यावर मी त्यांच्या गावी पोचले. माजघरात बायका बसल्या होत्या. काकू भिंतीला टेकून होत्या, आणखी वाळल्या होत्या. मला ओळखलं. शेजारी जागा करून दिली. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, माझ्या सासूची चौकशी झाली. मग बायका चहाला उठल्या तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या.

"त्या दिवशी हे तुला काही बोलले का गं? पायरीवर?"

दोन वर्षं त्यांनी तो प्रश्न धरून ठेवला होता. त्यांचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं. मला वाटलं, सांगून टाकावं. आता कुणाचं काय बिघडणार आहे? ते गेले. हिला कळू दे की तिला एकटीला वाहावं लागलं नाही, आठ वर्षं शेजारी बसून तेच ओझं दुसराही वाहत होता. शब्द अगदी ओठावर आला. आणि गुरुजींचं ते 'ती जगायची नाही' आठवलं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "त्यांच्या लक्षातच आलं नाही. छान झालं म्हणाले."

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळानं खांदे सैल सोडले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला आपण लिहिलेलंच दिसतं."

मी हो म्हटलं.